गोल्फ क्लबचा इतिहास लिहायला घेताना : वाचकांचे प्रश्न

क्लबची पंचाहत्तरी किंवा शंभरी दोन वर्षांवर आली की कमिटीला जाग येते आणि कुणातरी एका सभासदाच्या गळ्यात स्मरणिकेचं काम पडतं. भांडवल काय, तर कपाटात चार वह्या, भिंतीवर विजेत्यांचा फलक, काचेच्या पेटीत काही गंजलेल्या स्टिक्स. या वेळी अशाच मंडळींचे प्रश्न घेतले आहेत.

आमच्या लेटरहेडवर स्थापनेचं एक वर्ष आहे. सर्वांत जुन्या कपावर त्याच्या दोन वर्षं आधीचं वर्ष कोरलेलं आहे. हाती असलेलं पहिलं मिनिट बुक मात्र लेटरहेडच्या वर्षानंतर चार वर्षांनी सुरू होतं. मुखपृष्ठावर कोणतं वर्ष छापायचं?

तिन्ही वर्षं खरी असू शकतात, कारण क्लबला जन्मतारीख एकच नसते. त्या जागेवर पहिल्यांदा खेळ झाला तो दिवस, चार लोकांनी जमून क्लब काढायचा ठराव केला तो दिवस, कोर्स खुला झाला तो दिवस, पहिली स्पर्धा, आणि संस्था म्हणून रीतसर नोंदणी : या पाच तारखा सहसा पाच वेगळ्या वर्षांत पडतात. एका कागदावर पाच ओळी आखा आणि प्रत्येकीसमोर फक्त पुरावा लिहा. ऐकीव माहिती पेन्सिलीने, कागदावरची शाईने.

मग मिनिट बुकचं पहिलं पान उघडा. तिथे 'मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं' असं वाक्य असेल, तर तुमच्या हातातली वही पहिली नाहीच. तिच्याआधीची हरवली आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेला क्रमांक दिला असेल तर मागे मोजत जा, मात्र युद्धाच्या किंवा बंद पडलेल्या वर्षांत सभा झाल्याच नसतील हे गृहीत धरा. हिशेबाची वही बहुधा मिनिट बुकपेक्षा जुनी सापडते. वर्गणी गोळा झाल्याशिवाय क्लब चालत नाही आणि खजिनदार सेक्रेटरीपेक्षा कमी विसराळू असतो.

कपावरच्या वर्षाचं कोडं तर नेहमीचं. कप आधी कुणाच्या तरी घरचा किंवा दुसऱ्या खेळाचा असतो आणि नंतर क्लबला भेट मिळतो. कोरलेलं वर्ष कशाचं आहे ते वाचा : स्पर्धेचं, भेटीचं, की देणाऱ्याच्या स्वतःच्या एखाद्या विजयाचं?

आणखी एक सापळा आहे. मागे कधीतरी क्लबने रौप्य किंवा सुवर्णमहोत्सव केला असेल, तर त्या समितीने कोणत्या आधारावर वर्ष धरलं ते शोधा. बऱ्याचदा एका वयस्कर सभासदाच्या आठवणीवर वर्ष ठरतं, ते लेटरहेडवर जातं, आणि पुढच्या पिढीला तोच पुरावा वाटतो.

हा घोळ मोठ्या क्लबांतही आहे. इंग्लंडमधला रॉयल ब्लॅकहीथ १६०८ सांगतो, एडिंबरामधला रॉयल बर्जेस १७३५ सांगतो; पण लेखी नियमांचा कागद १७४४ चा आहे आणि तो लीथच्या मैदानावर खेळणाऱ्या मंडळींचा, म्हणजे पुढे ज्यांना ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरा गोल्फर्स म्हणू लागले त्यांचा. त्या वर्षी एडिंबरा शहराने चांदीची स्टिक बक्षीस ठेवली, स्पर्धेसाठी १३ नियम लिहिले गेले, आणि जॉन रॅट्रे जिंकला. बाकीच्यांना कुणी खोटं पाडत नाही, पण कागद कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

मुखपृष्ठावर ठरावाचं वर्ष छापावं. ठराव सापडत नसेल तर ज्या वर्षाचा पहिला लेखी पुरावा आहे ते छापा आणि आत एका परिच्छेदात परंपरेने चालत आलेलं वर्षही द्या. वर्ष दोन पावलं अलीकडे आलं म्हणून क्लब लहान होत नाही.

सुरुवातीला आमचा कोर्स नऊ होलचाच (पहिल्या फटक्यापासून खळीपर्यंतचा एकेक टप्पा म्हणजे एक होल) होता. काही सभासदांना हे छापणं कमीपणाचं वाटतं.

त्यांना सांगा की लीथचा कोर्स पाच होलचा होता. १८६० ची पहिली ब्रिटिश ओपन स्पर्धा स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला झाली तेव्हा तिथे १२ होल होती; आठ खेळाडू तीन फेऱ्या खेळले आणि विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला. स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूजची फेरी २२ होलची होती. १७६४ मध्ये पहिली चार छोटी होल मिळून दोन केली गेली, तीच जाताना आणि येताना खेळली जात असल्याने चार कमी होऊन १८ राहिली. बाकीच्या जगाने पुढे तोच आकडा उचलला. नऊ होल बिनधास्त छापा. त्याऐवजी नऊची अठरा कधी झाली, जमीन कुठून आली, पैसे कसे उभे राहिले याचं प्रकरण नीट लिहा. क्लबच्या इतिहासातलं सर्वांत मोठं भांडण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

जुन्या कोर्सचा नकाशा नाही. ग्रीन (खळीभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) कुठे होती, टी (होलचा पहिला फटका मारायच्या जागा) कुठे होत्या हे शोधता येईल का?

येईल, आणि या सगळ्या कामातला सर्वांत मजेचा भाग हाच. जमीन खोटं बोलत नाही, फक्त हळू बोलते.

आधी घरात बसून करायचं काम. जुन्या स्कोअरकार्डावरून प्रत्येक होलची लांबी उतरवून घ्या आणि ०.९१४४ ने गुणून यार्डांचे मीटर करा. आज जागेवर असलेलं एखादं ग्रीन जुनंच आहे अशी खात्री असेल तर ते खुंटी म्हणून धरा. तिथून त्या होलच्या लांबीएवढी त्रिज्या घेऊन नकाशावर कंपासने वर्तुळ काढा. टी त्या वर्तुळावर कुठेतरी असणार. आधीच्या होलचं ग्रीन त्या टीच्या जवळपास असणार, कारण स्टिक्स उचलून लांब चालायला कुणालाच आवडत नव्हतं. अशी एकेक वर्तुळं जोडत गेलात की चार-पाच होलनंतर शक्यता झपाट्याने कमी होतात. जुन्या लांब्या पुष्कळदा पावलांनी मोजलेल्या असतात, म्हणून ३५० यार्डांवर १५ ते २० यार्डांची चूक सोडून द्या.

हवाई छायाचित्रं मिळाली तर सकाळचं किंवा संध्याकाळचं घ्या. तिरक्या उन्हात बुजवलेल्या बंकरचा (वाळूच्या अडथळ्याचा) खळगा आणि टीचा चौथरा सावलीने उठून दिसतो. दुपारच्या फोटोत तेच सपाट रान वाटतं. संगणकावर जुना फोटो आजच्या नकाशावर बसवताना किमान सहा खुणेच्या जागा घ्या : रस्त्याचं वळण, इमारतीचा कोपरा, पूल. सगळ्या खुणा एकाच बाजूला घेतल्या तर फोटो दुसऱ्या बाजूला ताणला जातो आणि ग्रीन शेजाऱ्याच्या जागेत जाऊन बसतं.

मग मैदानावर. लांबलेल्या कोरड्या दिवसांत फिरा. जुन्या ग्रीनवर वर्षानुवर्षं वाळू पसरलेली असते. ती पाणी धरत नाही, त्यामुळे तिथलं गवत आजूबाजूच्या आधी पिवळं पडतं. उलट बुजवलेल्या चराच्या ओळीत ते जास्त वेळ हिरवं राहतं. टीची जागा म्हणजे उतारावरही सपाट असलेला, कोपरे थोडे झिजलेला चौकोन.

संशय आला की होल-कटर (ग्रीनवरची खळी पाडायचं गोल अवजार) घ्या. आजच्या खळीचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. १८९१ मध्ये तो ठरला. त्याच कटरने मातीचा गोळा अलगद वर काढा आणि उभा चिरा. नुसतं रान असेल तर वरची थोडी काळसर माती आणि खाली मूळ जमीन, एवढंच. जुनं ग्रीन असेल तर केकच्या थरांसारखे पट्टे दिसतात : फिकट वाळू, मग काळपट कुजलेल्या मुळांची पट्टी, परत वाळू. थर मोजून वर्षं काढायचा मोह आवरा. वाळू वर्षातून दोनदा-तीनदाही पडते आणि एखाद्या वर्षी पडतच नाही. काम झालं की गोळा होता तसाच परत बसवा आणि ग्राउंड्समनला आधी विचारा. तो नाराज झाला तर पुढचा इतिहास बंद.

दोन गोष्टी मात्र सगळ्यांना चकवतात. पहिली : होलचे नंबर बदलतात. पहिली नऊ आणि शेवटची नऊ यांची अदलाबदल तर सर्रास होते. जुन्या इतिवृत्तातलं 'दहाव्या होलचा बंकर' हे वाक्य आज पहिल्या होलबद्दल असू शकतं. म्हणून प्रत्येक बदलाच्या वर्षी जुना नंबर आणि नवा नंबर असा तक्ता करा, बाकी लिखाण त्यानंतर. दुसरी : दिशा. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स एके काळी आजच्या उलट दिशेनेही खेळला जाई, त्यामुळे जमीन तीच आणि बंकरचा अर्थ वेगळा.

फार जुना कोर्स असेल तर टी शोधत बसूच नका. १७४४ च्या पहिल्याच नियमानुसार नुकत्याच संपलेल्या होलपासून स्टिकच्या लांबीच्या आत पुढचा चेंडू ठेवायचा असे. स्वतंत्र टी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या.

तारीख नसलेलं एक स्कोअरकार्ड सापडलं. त्यावर 'बोगी ७९' छापलंय आणि एका कडेला फूटपट्टीसारखी खूण आहे. कधीचं असावं?

आधी ती कड मोजा. सहा इंच, म्हणजे साधारण १५२ मिलिमीटर भरली, तर ते स्टायमी नावाच्या जुन्या नियमाचं माप आहे. मॅच प्लेमध्ये (एकास एक, होल जिंकत जाण्याच्या खेळात) प्रतिस्पर्ध्याचा चेंडू ग्रीनवर तुमच्या चेंडूच्या आणि होलच्या मध्ये येऊन थांबला तर तो उचलायला लावता येत नसे. त्याला वळसा घालून किंवा त्यावरून उडवून मारावं लागे. दोन चेंडूंत सहा इंचांहून कमी अंतर असेल तरच उचलायची मुभा होती, आणि ते अंतर मोजायला हातात स्कोअरकार्ड असायचंच. नियम १९५२ पासून रद्द झाला. म्हणजे तुमचं कार्ड त्याआधीचं, किंवा फार तर जुना साठा संपवणाऱ्या काटकसरी सेक्रेटरीचं.

'बोगी' हा शब्द वाचताना आजचा अर्थ डोक्यातून काढून टाका. आज बोगी म्हणजे पारपेक्षा (त्या होलसाठी ठरवलेल्या फटक्यांपेक्षा) एक जास्त. तेव्हा बोगी म्हणजे चांगल्या खेळाडूने त्या होलवर चूक न करता करावा असा स्कोअर. १८९० च्या सुमारास कॉव्हेंट्रीच्या ह्यू रॉदरहॅम यांनी असा ठरावीक स्कोअर मांडला, आणि लवकरच खेळाडू 'कर्नल बोगी' नावाच्या कल्पित सभासदाविरुद्ध खेळू लागले. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९११ मध्ये पारसाठी अंतरं ठरवली : २२५ यार्डांपर्यंत तीन, ४२५ पर्यंत चार, ६०० पर्यंत पाच, त्यापुढे सहा. ब्रिटिश वळणाच्या क्लबांत त्यानंतरही बराच काळ बोगीच चालू राहिली. तेव्हा 'बोगी ७९' चं 'पार ७९' करून छापू नका. त्याच कोर्सची पार चार-पाच फटक्यांनी कमी भरू शकते.

पुढची गाळणी अशी. पॉइंट्सचा रकाना असेल तर बहुतेक १९३२ नंतरचं, कारण डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची गुणपद्धत त्या वर्षी वॉलसी क्लबमध्ये खेळली गेली आणि तिथून पसरली. मागच्या बाजूला जास्तीत जास्त १४ स्टिक्सचा उल्लेख असेल तर अमेरिकी नियमांखाली १९३८ नंतरचं, ब्रिटिश नियमांखाली १९३९ नंतरचं. स्थानिक नियमांत टीवरच्या वाळूच्या पेटीचा उल्लेख असेल तर जुन्या काळाकडे झुका. चेंडू टेकवायची लाकडी खुंटी (तिलाही टीच म्हणतात) १९२० च्या दशकात सर्रास होण्याआधी ओल्या वाळूची चिमूट घेऊन तिचा ढीग करत आणि त्यावर चेंडू ठेवत. स्लोप रेटिंगचा (कोर्सचा अवघडपणा सांगणारा) आकडा दिसला, म्हणजे ५५ ते १५५ मधला, तर कार्ड जुनं नाहीच.

एकूण लांबीही बोलते. रबरी गाभ्याच्या हॅस्केल चेंडूचं पेटंट १८९९ चं. १९०२ ची ओपन सँडी हर्डने त्याच चेंडूने जिंकली आणि गटापर्चाचा (झाडाच्या चिकाचा) कडक चेंडू मागे पडला. नवा चेंडू लांब जात असल्याने क्लबांनी टी मागे सरकवल्या. म्हणून दोन कार्डांत ग्रीन तीच पण लांबी वाढलेली दिसली, तर त्या वर्षांतल्या मिनिट बुकात टी बांधण्याचा खर्च शोधा.

पेन्सिलीने लिहिलेलं नाव आणि हँडिकॅप (खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत) असेल तर ते हँडिकॅपच्या वहीशी ताडून पाहा. तोच हँडिकॅप त्या माणसाला किती वर्षं होता त्यावरून कालखंड आवळता येतो. आणि शेवटी 'सुमारे १९३२ ते १९३८' असं प्रामाणिकपणे छापा. एकच वर्ष ठोकून द्यायची गरज नाही.

फलकावर कोर्स रेकॉर्ड ६७ आहे, जुन्या काळातला. आता एकाने ६६ केला. जुनं नाव पुसायचं का?

पुसायचं नाही. रेकॉर्ड क्लबचा नसतो, त्या आखणीचा असतो. लांबी बदलली, दोन ग्रीन हलली, पार ७० ची ७२ झाली, की नवं खातं उघडायचं. फलकावर प्रत्येक खात्यासमोर लांबी, पार आणि वर्षं लिहा. स्पर्धेतला स्कोअर असावा, सगळी होल पूर्ण केलेली असावीत, तात्पुरत्या ग्रीन्सवर खेळलेला नसावा, आणि चेंडू उचलून बरा ठेवायची सवलत त्या दिवशी नसावी. ॲलन रॉबर्टसनने १८५८ मध्ये सेंट अँड्र्यूजला ७९ केले तेव्हा ८० च्या खाली येणारा तो पहिलाच. आज ७९ वर कुणी टाळी वाजवत नाही, पण त्याचं नाव कुणी खाली उतरवलेलं नाही.

मिनिट बुकांची पानं तपकिरी होऊन तुटताहेत. सेलोटेप लावावी का?

सेलोटेपला हातही लावू नका. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होतो, कागदात मुरतो आणि अक्षरासकट निघतो. तुटलेला तुकडा आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून त्याच पानाशी ठेवा. अक्षरांच्या जागी कागद जळल्यासारखा भोक पडलेला दिसला तर ती जुनी लोखंडी शाई आहे; ओल लागली की ती जास्त खाते. अशी वही कागद-संवर्धकाकडेच द्यावी.

बाकी वह्यांसाठी : हात धुऊन पूर्ण कोरडे करा, साधे सुती हातमोजे घालू नका. त्याने बोटांची जाणीव जाते आणि पान फाटतं. फोटो आणि निगेटिव्हसाठी मात्र नायट्राइलचे पातळ मोजे हवेत. जवळ पेन ठेवू नका, फक्त पेन्सिल. रबरबँड, स्टेपल, प्लास्टिकची फाइल काढून टाका. ठेवायची जागा कोरडी, अंधारी, शक्यतो २० अंशांच्या आत, आर्द्रता ३५ ते ५० टक्के. क्लबहाउसचा पोटमाळा आणि तळघर, दोन्ही वाईट. खोक्यात बातम्यांची कात्रणं फोटोंच्या अंगाला लावून ठेवू नका. वर्तमानपत्राचं आम्ल फोटोत उतरतं.

स्कॅन करताना मजकूर ४०० डीपीआय, फोटो ६००, ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्ह ३००० च्या पुढे. मूळ प्रत टिफ, वाचायची प्रत पीडीएफ. वहीचा कणा सपाट दाबू नका. ती ९० ते १२० अंशच उघडेल अशी दोन्ही बाजूंना उशी देऊन वरून कॅमेऱ्याने फोटो घेतलेला बरा. कोरी पानंही घ्या, नाहीतर पाच वर्षांनी कुणीतरी 'मधली पानं कुणी काढली?' म्हणून विचारेल. फाइलच्या नावात वर्ष, वही आणि पान असा क्रम ठेवा. प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, एक क्लबहाउसबाहेर.

कप आणि फलक यांत विजेत्याचं नाव जुळत नाही.

फलक बहुधा नंतर बनवलेला असतो. आधीची वीस-पंचवीस नावं रंगाऱ्याने एका यादीवरून एकदम रंगवलेली असतात, आणि ती यादी कुणीतरी घाईत उतरवलेली. कप दरवर्षी कोरला जातो, म्हणून त्याचा शब्द जड. अर्थात कोरणारा स्पेलिंग चुकवतोच. तिसरा साक्षीदार म्हणजे त्या आठवड्यातलं वर्तमानपत्र किंवा स्पर्धेच्या निकालाची वही. वर्षही तपासा : मोसम दोन वर्षांत पसरलेला असेल तर कप एक वर्ष धरतो, फलक दुसरं.

कप वाचण्यासाठी घासू नका. दर पॉलिशला चांदीचा पातळ थर जातो आणि उथळ कोरीव अक्षरं आधी जातात. खोलीत अंधार करून टॉर्च कपाच्या अंगाला जवळजवळ समांतर धरा आणि फोटो घ्या. पुसट अक्षरं सावलीत उभी राहतात. तळाशी ईपीएनएस असेल तर चांदीचा मुलामा आहे. इंग्लंडमध्ये घडवलेल्या खऱ्या चांदीवर चालणारा सिंह, शहराची खूण (बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, जुन्या शेफील्डचा मुकुट) आणि वर्षाचं एक अक्षर असतं. त्या अक्षरावरून कप घडवल्याचं वर्ष कळतं, दिल्याचं नव्हे.

मिनिट बुकांत महिला सभासदांचा उल्लेखच नाही. इतिहासात त्यांना कुठे शोधायचं?

दुसऱ्या कपाटात. बऱ्याच क्लबांत महिलांचा स्वतंत्र विभाग, स्वतंत्र कमिटी आणि स्वतंत्र मिनिट बुक असे. मुख्य कमिटीच्या वहीत त्यांचं नाव फक्त वेळेच्या किंवा खोलीच्या तक्रारीपुरतं येतं. सेंट अँड्र्यूजचा महिलांचा पटिंग क्लब १८६७ चा. ब्रिटनमधली लेडीज गोल्फ युनियन १८९३ मध्ये स्थापन झाली, त्याच वर्षी तिची पहिली स्पर्धा लेडी मार्गारेट स्कॉटने जिंकली, आणि इसेट पिअर्सन यांच्या पुढाकाराने महिलांनी वेगवेगळ्या क्लबांना एकाच मापात बसवणारी हँडिकॅप पद्धत उभी केली. पुरुषांच्या क्लबांत तेव्हा ज्याचा त्याचा हिशेब होता.

शोधायचं ते असं : वर्गणीच्या पावत्या (महिलांचा दर वेगळा असे), महिलांच्या टीचं वेगळं स्कोअरकार्ड, बांधकामाच्या बिलात महिलांच्या खोलीचा खर्च. नावांपाशी सावध राहा. जुन्या नोंदींत विवाहित स्त्री नवऱ्याच्या नावाने लिहिलेली असते, त्यामुळे एकच खेळाडू लग्नाआधी आणि नंतर दोन वेगळ्या व्यक्ती होऊन बसते. तिचं स्वतःचं नाव शोधून तेच छापा.

आणि मतदानाचा हक्क कधी मिळाला ते वर्ष न टाळता द्या. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सभासदत्व द्यायचं २०१४ मध्ये ठरवलं, लीथहून पुढे म्यूरफील्डला गेलेल्या ऑनरेबल कंपनीने २०१७ मध्ये. तुमच्या क्लबचं वर्ष त्याआधीचं निघालं तर मिरवा, नंतरचं निघालं तरी लिहा.

जुन्या नोंदींत कुणाचा अर्ज नाकारला, कुणाला काढलं, कुणाची वर्गणी थकली हे सगळं आहे. छापावं का?

पद्धत छापा, माणूस नको. पांढऱ्या-काळ्या गोट्यांची मतपेटी कशी चाले, किती काळ्या गोट्यांनी अर्ज पडे, तो नियम कधी बदलला, हे लिहायलाच हवं. क्लबने दार कुणासाठी बंद ठेवलं हे त्यातूनच दिसतं. पण नातवंडं हयात असलेल्या थकबाकीदाराचं नाव छापून इतिहासात काही भर पडत नाही.

वयस्कर सभासदांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. काय विचारावं?

'जुन्या आठवणी सांगा' म्हटलं की दहा मिनिटांत गाडी आजच्या कमिटीवर घसरते. त्याऐवजी समोर कोर्सचा मोठा नकाशा पसरा आणि हातात पेन्सिल द्या. 'हे झाड तेव्हा होतं का? इथून कुठे चालत जायचात? पाणी कुठून यायचं?' हात नकाशावर फिरला की आठवण नेमकी होते. एका बैठकीला ६० ते ९० मिनिटं पुरे. रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पंखा बंद. वापराची लेखी परवानगी त्याच दिवशी घ्या. फक्त खेळाडूंना विचारू नका. कॅडी, माळी, स्वयंपाकघरातले, बारवरचे यांनी मोसमातला प्रत्येक दिवस पाहिलेला असतो. सांगितलेली वर्षं मात्र नेहमी ताडून घ्या. लोकांना क्रम चांगला आठवतो, आकडा नाही.

काचेच्या पेटीतल्या जुन्या स्टिक्सवर 'मॅशी म्हणजे पाच नंबर' अशी पाटी आहे. बरोबर आहे का?

ढोबळ अर्थाने. मॅशी आजच्या पाच नंबरच्या आयर्नच्या (लोखंडी डोक्याच्या स्टिकच्या) जवळ, मॅशी-निब्लिक सातच्या, निब्लिक नऊच्या, ब्रॅसी दोन नंबरच्या वुडच्या (लाकडी डोक्याच्या स्टिकच्या). पण प्रत्येक कारागिराच्या स्टिकच्या डोक्याचा उतार वेगळा, म्हणून पाटीवर 'जवळपास' घाला. हिकरी या लाकडाचा दांडा स्टीलआधीचा म्हणून धरतात. स्टीलला अमेरिकी संघटनेने १९२४ मध्ये आणि ब्रिटिशांनी १९२९ मध्ये परवानगी दिली, तरी गरीब किंवा हट्टी खेळाडू नंतरही हिकरीच वापरत. गंज काढायला पॉलिश पेपर वापरू नका. डोक्याच्या मागच्या बाजूला कारागिराचा ठसा असतो, तो गेला की स्टिकची ओळखच गेली. मऊ कापडाने धूळ पुसा, लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, हिकरीवर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब चोळून लगेच कोरडं करा. तेलाची चिंधी पसरून वाळू द्या. चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकते. दांड्यावरचा दोरा सुटला असेल तर नवा गुंडाळू नका, सुटलेला तसाच बांधून ठेवा. आणि स्टिक्स भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तर दांडे वाकतात. आडव्या, दोन ठिकाणी आधार देऊन ठेवा.